नकाशावरचा सगळ्यात पांढरा मुलूख

ती. मामा,

सविनय नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'आपण सर्व कुशल असाल' असं लिहायची पद्धत आहे, आणि ते वाक्य माझ्या पेनाच्या टोकाशी येऊन उभंही राहिलं होतं, पण मी त्याला मागे ढकललं. यात उद्धटपणा नाही. या एका वाक्याने मी इथे एवढा मोठा घोळ घालून ठेवलाय की आता ते लिहायला हात धजत नाही. तो घोळ सांगायलाच हे पत्र. बाकी मी इकडे मजेत आहे, काळजी नसावी. नोकरी उत्तम, खोली हवेशीर, जेवण वेळेवर. मामीला नमस्कार सांगा आणि म्हणावं, तू दिलेली चादर अजून फाटली नाही.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? फोनवर आपलं काय बोलणं होतं ते आठवून बघा. 'मामा, कसे आहात?' 'बरं आहे. तू?' 'बरं आहे.' 'जेवलास?' 'जेवलो.' 'मग ठेव, बिल चढतं.' एवढं बोलून आपण दोघेही अशा समाधानाने फोन ठेवतो की जसं काही मोठं काम उरकलं. पत्राला असं मध्येच ठेवता येत नाही. (म्हणजे येतं. पण तुम्ही ठेवलंत तर मामी उचलून वाचेल, आणि ते तुम्हाला परवडणार नाही.) तेव्हा भिंतीला टेकून बसा आणि शेवटपर्यंत वाचा. पाठीमागच्या बाजूलाही लिहिलंय.

तर नोकरी. मी ऑफिसात लागलो एवढंच तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही ते भट्टीवरच्या सगळ्या कामगारांना सांगत फिरलात असं मामीकडून कळलं. खोटं नव्हतं ते. मासे साफ करायच्या कारखान्यातून मला काढलं (तिथे पट्टा हलतो आणि माणूस उभा राहतो, मला नेमकं उलटं लागतं, तुम्ही मला भिंगरी म्हणता ते उगीच नाही), गाड्या धुवायच्या ठिकाणाहून मीच निघालो, आणि मग माझ्या खोलीतल्या वेल्डरने बातमी आणली की टायरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर एक ऑफिस आहे, तिथे आपली भाषा फडाफडा बोलणारा माणूस पाहिजे, शिक्षण विचारत नाहीत. म्हणजे बघा, जो पोरगा सातवीच्या वर्गाच्या खिडकीतून उडी मारून गेला तो गेलाच, ज्याने मास्तरांच्या एका प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाही, त्याला दिवसभर दुसऱ्यांना प्रश्न विचारायचा पगार! मास्तर भेटले तर सांगा. नको, राहू द्या.

काम असं होतं. जगातल्या पुष्कळ देशांतल्या लोकांना कशाकशाची काळजी वाटते हे कुठल्याशा मोठ्या संस्थेला हवं होतं. हवा, पाणी, कचरा, वाढता उकाडा, बेकारी, लाचखाऊपणा, बायकांना रस्त्यात वाटणारी भीती, बाहेरून कामाला आलेले लोक. एकेक विषय वाचायचा आणि विचारायचं, तुमच्या भागात ही अडचण किती गंभीर आहे? फार गंभीर, बऱ्यापैकी गंभीर, थोडी गंभीर, की अजिबात गंभीर नाही? चारच उत्तरं. माणसाच्या तोंडून पाचवं काही निघालं की त्याला गोडीगुलाबीने या चारांपैकी एकात नेऊन बसवायचं. नंबर यंत्र लावतं, कोणाला लागेल ते यंत्रालाही ठाऊक नसतं. आमच्या वरती एक मॅडम होत्या (चष्मा कपाळावर, आणि शोधायच्या टेबलाखाली), त्यांचा एकच नियम: समोर लिहिलंय ते वाचायचं, आणि तेवढंच वाचायचं. पलीकडचा हसला तरी आपण हसायचं नाही, रडला तरी 'बरं, पुढचा प्रश्न'. आवाज कसा पाहिजे, तर गाडी सुटायची वेळ सांगणाऱ्या भोंग्यासारखा. भोंगा कधी कोणाची बाजू घेतो का, असं त्या विचारायच्या.

एकेका देशाची एकेक रांग. सगळ्या खोलीला खालच्या टायरांचा वास, आणि कानाला लावायच्या त्या यंत्राच्या स्पंजाला आदल्या पाळीतल्या माणसाच्या कानाचा वास. आमच्या शेजारच्या रांगेत एक अंगाने भक्कम माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्याच्या देशातले लोक फोन उचलल्या उचलल्या असे तुटून पडायचे की पैलवान कानावरचं यंत्र काढून हातात धरायचा, तरी आम्हाला ऐकू यायचं. नदीला शिव्या, सरकारला शिव्या, पैलवानाला शिव्या. सगळं फार गंभीर. एकदा कोणीतरी त्याला आपल्या मेलेल्या म्हशींची गोष्ट सांगितली, तर हा एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला आणि नाक ओढत म्हणाला, 'बरं, पुढचा प्रश्न.' मॅडमनी त्याला ताकीद दिली. भोंगा रडत नाही.

दुसऱ्या बाजूला इथल्याच लोकांना फोन करणारी रांग. त्यात माझ्या खुर्चीला खुर्ची लावून एक म्हातारा बसायचा, पूर्वी बस चालवायचा, म्हणून ड्रायव्हर. 'बाहेरून कामाला आलेले लोक ही अडचण किती गंभीर आहे?' हा प्रश्न वाचताना तो माझ्याकडे बघून डोळा मिचकवायचा. दिवसभर 'फार गंभीर', 'फार गंभीर' अशा खुणा करायचा आणि मग स्वतःचा पाव अर्धा मोडून मला द्यायचा. मी एकदा म्हटलं, काका, हे सगळे माझ्याबद्दल बोलतायत ना? 'छे रे, तुझ्याबद्दल नाही.' मग कोणाबद्दल? 'हे बाहेरून येतात ना, त्यांच्याबद्दल.' मी काय तुमच्या दवाखान्यात जन्मलो? 'तू वेगळा. तू माझ्या ओळखीचा.' पाव मऊ होता. खाल्ला.

आता आपली रांग. सुरुवातीला आमचं फार वाईट चाललं होतं. मी भोंग्याच्या आवाजात प्रश्न वाचायला घेतला की लोक फोन आपटायचे. 'कोण बोलतंय?' 'कशाबद्दल?' 'आम्हाला काही घ्यायचं नाही.' खट्. मॅडम येऊन आमच्या रांगेमागे उभ्या राहायला लागल्या, आणि मागे कोणी उभं राहिलं की माझी काय अवस्था होते ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. तेव्हा मला युक्ती सुचली. युक्ती कसली, तुम्हीच शिकवलेली रीत. फोन उचलला की आधी म्हणायचं, 'नमस्कार, घरी सगळे बरे आहेत ना?' बस्स. मामा, काय सांगू! माणसं एकदम विरघळायची. 'हो हो, सगळे बरे आहेत, तुम्ही कसे आहात? फार लांबून बोलताय वाटतं? जेवलात का?' आणि पुढे शेवटपर्यंत सगळे प्रश्न गोडीने ऐकून घ्यायचे. आठवड्याभरात आमची सगळी रांग तेच म्हणायला लागली. आमच्यातला एक जण, ज्याला बोलण्याआधी घसा खाकरायची सवय म्हणून आम्ही गवई म्हणायचो, तो तर असा सूर लावून म्हणायचा की पलीकडच्या आज्या त्याला आशीर्वाद द्यायच्या. मॅडमना आपली भाषा येत नाही. त्यांना फक्त एवढं दिसलं की फोन टिकतायत. त्या खूश.

पण त्याचं झालं असं. एकदा 'सगळे बरे आहेत' असं तोंडातून गेलं की पुढच्याच दमात 'हवा फार वाईट आहे, घरातलं माणूस खोकून बेजार आहे' असं कुठल्या तोंडाने सांगणार? आपल्याच शब्दाला खोटं पडल्यासारखं होतं. त्यात फोन परदेशातला. परक्यापुढे घरचं उणं काढायचं नाही हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, ते दुधातूनच येतं. त्यामुळे हवा, अजिबात नाही. कचरा, अजिबात नाही. लाच, छे छे, अजिबात नाही (हे सांगणारा कचेरीत शिपाई होता). एका बाईने पाण्याची अडचण अजिबात नाही असं सांगितलं, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, तशी 'थांबा हं भाऊ, पाणी आलं, किती दिवसांनी आलंय' म्हणत ती फोन तसाच टाकून पळाली. मी बसलो बादल्यांची आदळआपट आणि भांडणं ऐकत. परत आली ती धापा टाकतच. 'हं, विचारा.' मी म्हटलं, ताई, ते पाण्याचं उत्तर बदलायचं का? 'कशाला? आलं की!'

दुसऱ्या एकीला रस्त्यात एकटीने जायच्या भीतीबद्दल विचारलं तर फोनवर पुरुषाचा आवाज आला, 'तिला कसली भीती? ती बाहेर पडतच नाही. लिहा, अजिबात नाही.' ज्याला विचारलं त्याचंच उत्तर घ्यायचं असा नियम, म्हणून मी म्हटलं, ताईंना द्या. ताईंनी फोन घेतला. मग म्हणाल्या, 'ते म्हणतात तसं.' मी चौथी खूण केली. बरं, पुढचा प्रश्न.

मग नकाशा आला. मोठा, भिंतभर. जिथल्या लोकांना फार काळजी तो देश लाल, जिथे कमी तो गुलाबी, जिथे नाहीच तो पांढरा. पैलवानाचा देश तर असा लालभडक की वाटावं तिथे रंगाची बाटलीच सांडली. आणि आपला मुलूख, मामा, सबंध भिंतीवर सगळ्यात पांढरा. धुतल्यासारखा. ऑफिसात केक कापला. मॅडमनी माझं नाव घेतलं, चुकीचं घेतलं, पण घेतलं. कोट घातलेले पाहुणे आले होते, त्यांच्यातल्या एकाने काठीने नकाशा दाखवत सांगितलं की आमच्या संस्थेकडे गाड्या थोड्या, डॉक्टर थोडे, तेव्हा आता अंदाजाने काम होणार नाही; जिथे लोकांनाच काळजी आहे तिथे जायचं, जिथे नाही तिथून उठायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या. केक तोंडात होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामीचा फोन आला. (तुम्ही बाहेर गेला होतात म्हणे. बाहेर गेलेला माणूस घरात खोकत होता.) बोलता बोलता मामी म्हणाली, 'अरे, ती रक्त तपासणारी डॉक्टरांची गाडी यायची ना गल्लीच्या तोंडाशी, ती बंद झाली. चौकशी केली तर म्हणाले, इथे आता कोणाची तक्रार राहिली नाही. चांगलं झालं ना रे? आपली गल्ली सुधारली.' मामा, मी हातात फोन घेऊन रस्त्यात उभा राहिलो. मी, उभा. मला सगळं त्या एका जागी कळलं. ज्या गल्लीत दिवसभर जुन्या बॅटऱ्या फोडतात, शिसं वितळवतात, जिथला धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, जिथे ती गाडी पोरांची आणि तुमची बोटं टोचून सांगायची की रक्तात शिसं किती चढलंय, त्या गल्लीवरून मी स्वतःच्या हाताने पांढरा रंग फिरवला होता. 'घरी सगळे बरे आहेत ना' असं विचारून.

आणि तेव्हाच फोनमध्ये मामीच्या मागून एक आवाज आला. माझं कामच कानाचं झालंय, मला आता फोनमधलं मागचं जास्त ऐकू येतं. कप बशीवर वाजत होता. थांबून थांबून, कटकट कटकट. मी विचारलं, मामी, कसला आवाज? 'वारा सुटलाय.' कपाला वारा? 'ठेव आता, बिल चढतंय.' मामा, मामीच्या पिशव्या शिवायच्या सुया तुम्ही ओवून द्यायचात. भट्टीवरून आलात की उंबऱ्यातच उभं राहून, एका डोळ्याने, एका फटक्यात. दोरा चुकलेला मी कधी बघितला नाही. लहानपणी मी ते खेळ बघावा तसा बघत बसायचो, तेवढाच वेळ माझं बूड जमिनीला टेकायचं.

तर मी मॅडमकडे गेलो आणि माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाल्या, 'म्हणजे तुझे लोक खोटं बोलले?' नाही मॅडम, नीट वागले. 'नीट वागले म्हणजे? चारांपैकी कशात बसतं ते?' मी म्हटलं, कशातच बसत नाही, तोच घोळ आहे. नकाशा तर छापून जगभर गेला होता, तो काही परत येणार नव्हता. पण एवढं झालं की काम संपल्यावर थोड्या लोकांना पुन्हा फोन करून पडताळून बघतात, त्या फोनांवर त्यांनी मला बसवलं. अट एकच, एक शब्द जास्त नको. नमस्कार नाही, घरचे नाहीत, काही नाही.

मी भोंगा झालो. 'हवा. फार, बऱ्यापैकी, थोडी, अजिबात नाही?' लोक चमकायचे. 'वसुलीवाले का हो तुम्ही?' एक आजी म्हणाली, 'मेल्या, आईने काही शिकवलं की नाही? आधी माणसाला कसे आहात विचारावं.' मी म्हटलं, आजी, विचारायला बंदी आहे. 'कुठल्या देशात असतोस रे बाबा?' असं म्हणून तिने फोन ठेवला, पण आपटला नाही. माझी कीव आली असावी.

मग एक गृहस्थ लागले. आवाजावरून तुमच्या वयाचे. पहिल्या खेपेला माझ्याशी छान बोलले होते, चारही दिशांना सगळं आलबेल म्हणाले होते. मी विचारलं, हवा. 'काय?' म्हणाले. मी नियमाप्रमाणे पुन्हा वाचलं, हवा, फार, बऱ्यापैकी, थोडी. तसे एकदम उसळले. 'हवा विचारतोस? माझा तरणा मुलगा गेला त्या धुराने. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली ओलं पोतं लावलं, तरी गेला. सकाळी पाण्याच्या भांड्यावर काळी साय असते, ती बोटाने बाजूला करून आम्ही पाणी पितो. आणि तू मला यंत्रासारखा विचारतोस, किती गंभीर?' मला बोलायची परवानगी नव्हती. पलीकडे त्यांनी नाक पुसलं, खुर्ची की खाट काहीतरी करकरली. मग अगदी हळू, लाजल्यासारखे म्हणाले, 'माफ करा हं. तुम्ही कामाचे माणूस, तुमच्यावर कशाला राग काढायचा. तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?'

आणि मी म्हटलं, 'हो, बरे आहेत.'

'असू देत, असू देत. मग लिहा, अजिबात नाही.'

नियम असा की शेवटी जे सांगितलं ते उत्तर. माझं बोट चौथ्या खुणेवर होतं. मी पहिली दाबली.

पुढे मॅडम काय म्हणाल्या यात तुम्हाला रस नसेल, आणि पत्रही लांबलं. एवढ्यावरून तुम्हाला कळलं असेल की वरती कुशल का विचारलं नाही. आपल्याकडे ते विचारून काही कळत नाही, उलट कळायचं असतं ते झाकलं जातं. मामीला पुन्हा नमस्कार. गल्लीतल्या लहानांना आशीर्वाद, म्हणजे माझ्या आशीर्वादाने काय व्हायचं ते होईलच.

तुमची,
भिंगरी

ता. क. पुढच्या नकाशाचे फोन लवकरच सुरू होतायत. तुमचा नंबर लागेल न लागेल, पण भागातल्या कोणाचा तरी लागेल. आधी कोणी घसा खाकरला तर समजा की तो आमचा गवई. तो आता घरच्यांची चौकशी करणार नाही, रागावू नका, त्यालाही बंदी झालीय. तो जे विचारेल त्याला खरं असेल ते सांगा, आणि सगळ्यांना तसं सांगून ठेवा. स्वतःच्या घरचं सांगायची लाज वाटत असेल तर तुम्ही शेजाऱ्याच्या घरचं सांगा, शेजारी तुमच्या घरचं सांगेल. (दुसऱ्याच्या घरचं उणं काढायला आपल्याला कधी जड गेलेलं नाही.)

ता. क. दुसरं. आणि त्या गाडीची वाट बघत बसू नका. ती आली तरी वर्षाने येईल. हे पत्र घेऊन येणारा वेल्डर सुट्टीवर आहे, त्याच्याबरोबर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि रक्त दाखवा. भट्टी सोडा. सोडून काय करू, असं तुम्ही विचाराल, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण सोडा. वेल्डरला मी सांगून ठेवलंय की मामांबरोबर चहा घे आणि त्यांच्या कपाकडे बघून ये. तेव्हा तुम्ही ग्लासात चहा घेऊ नका. मला लगेच कळेल.

ता. क. तिसरं. सगळ्यांनी खरं सांगावं असं लिहितोय तर माझंही थोडं. वरती 'मी मजेत आहे' असं जे लिहिलंय ते हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून ठेवलंय. ऑफिसातून मला काढलं, खोटी नोंद केली म्हणून. (सबंध पांढऱ्या मुलखातली ती एकच खरी होती, पण ते जाऊ द्या.) खोली हवेशीर आहे हे मात्र खरं, खिडकीला काच नाही. सध्या जुन्या इमारतींच्या भिंतींवरचा रंग खरवडायचं काम आहे, दिवसभर चढ-उतर, एका जागी उभं राहावं लागत नाही, त्या मानाने माझ्या जोगं. मुकादम म्हणतो, जुन्या रंगात शिसं असतं, नाकाला फडकं बांधत जा. फडकं आपलं आपण आणायचं. मामीच्या चादरीचा एक कोपरा कामी आला, तेवढं तिला सांगू नका. म्हणजे बघा, तुमच्या भट्टीपासून पळून मी एवढ्या लांब आलो आणि शेवटी आपण दोघे मामा-भाचे एकच खातोय. मुकादम रोज संध्याकाळी शिडीखालून ओरडून विचारतो, 'ठीक?' मी वरून ओरडतो, 'एकदम ठीक!'

ता. क. शेवटचं. वेल्डरजवळ एक पुडी दिलीय, त्यात सुया आहेत. मामीला वाटेल तिच्यासाठी आहेत, वाटू द्या. त्या तुमच्यासाठी आहेत. इथे मोठ्या नेढ्याच्या मिळतात, दुकानदार म्हणाला, हात हलला तरी दोरा जातो. मी दुकानातच ओवून बघितला. तिसऱ्या खेपेला गेला.